पोर्टेबल हार्ड डिस्क टक-टक करते? फॉरमॅट करण्याआधी वीज तपासा

६ जून २०२५ ला केंद्र सरकारचं ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांची माहिती त्यावर चढवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या काळात गावोगावच्या मशीद आणि दर्गा ट्रस्टची जशी धावपळ झाली तशी दौंडमध्येही झाली. एका ट्रस्टचे कागद लावून द्यायचं काम आमच्यापैकी दोघांकडे आलं. सनदेची प्रत, सिटी सर्व्हेचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, जुने ऑडिट रिपोर्ट असं सगळं आधीच्या मुतवल्लींनी स्कॅन करून एका पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये ठेवलं होतं. मूळ कागदांपैकी निम्मे वाळवीने खाल्लेले. म्हणजे ती डिस्क हेच दफ्तर.

डिस्क लॅपटॉपला लावली. दिवा लागला, आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि दिवा विझला. पुन्हा लावली तर विंडोजने विचारलं, ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करायची का? दुकानात दाखवली. त्यांनी कानाला लावून ऐकली आणि सांगितलं, डिस्क गेली, डेटा हवा असेल तर पुण्याला पाठवावी लागेल. आकडा ऐकून ट्रस्टचे चाचा गप्पच बसले.

डिस्क गेलेली नव्हती. तिची मूळ वायर कुठेतरी हरवली होती आणि तिच्या जागी फोन चार्ज करायची दीड मीटरची पातळ वायर लावलेली होती. आखूड, जाड वायर आणली, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा निळा पोर्ट वापरला आणि सगळे फोल्डर उघडले. त्या दिवशी कोणी ‘फॉरमॅट’वर क्लिक केलं असतं तर? म्हणून हा लेख. लॅपटॉपच्या पोर्टला लावलेल्या डिस्कला वीज कुठून मिळते, किती मिळते आणि ती वाटेत कुठे अडते, हे ट्रस्टच्या सेक्रेटरींपासून लग्नाचे फोटो सांभाळणाऱ्या भाभींपर्यंत सर्वांना माहीत असलेलं बरं.

पोर्ट किती देतो, डिस्क किती मागते

यूएसबीचा पोर्ट डेटा आणि वीज दोन्ही देतो. साध्या पोर्टवर व्होल्टेज ५ असतं. फरक पडतो प्रवाहात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एका पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे, म्हणजे अडीच वॅट. २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट झाली. दोन्ही बाजूंनी सारखा लागणारा नवा टाइप-सी पोर्ट दीड किंवा तीन अँपिअरसुद्धा देऊ शकतो, पण प्रत्येक लॅपटॉपचा देतोच असं नाही. यूएसबी ३.० चा पोर्ट बहुतेक वेळा आतल्या निळ्या पट्टीवरून ओळखू येतो, किंवा शेजारी ‘एसएस’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. काही कंपन्या निळा रंग वापरत नाहीत, तेव्हा अक्षरं बघावीत.

आता मागणीची बाजू. पेन ड्राइव्हला फारच थोडी वीज लागते, म्हणून तो कुठेही चालतो. खिशात मावणारी पोर्टेबल हार्ड डिस्क अडीच इंची असते. तिच्या आत काचेची किंवा धातूची तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेऱ्या मारते. एकदा वेग घेतला की चालू ठेवायला अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी पुरतो. पण उभी तबकडी फिरवायला सुरुवातीचे काही सेकंद पाऊण ते एक अँपिअर ओढला जातो. बैलगाडी जागची हलवताना जो जोर लागतो तो नंतर लागत नाही, तसंच हे.

म्हणजे कागदावर बघितलं तर यूएसबी २.० च्या पोर्टवर अशी डिस्क सुरूच होऊ नये. तरी ती होते, कारण बऱ्याच लॅपटॉपचे पोर्ट नियमापेक्षा थोडा जास्त प्रवाह सोडतात. इथेच सगळा गोंधळ आहे. तीच डिस्क भावाच्या लॅपटॉपवर चालते, आपल्यावर चालत नाही, आणि आपण समजतो की आपल्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे. व्हायरसचा यात काही संबंध नाही. एक पोर्ट उदार आहे, दुसरा नियमाने चालणारा आहे, एवढंच.

टक-टक आवाजाचा अर्थही यातूनच कळतो. तबकडी फिरायला लागते, व्होल्टेज खाली येतं, डिस्कचा बोर्ड बंद पडतो, वाचणारा हेड आपल्या जागी परत जातो, मग बोर्ड पुन्हा जागा होऊन नव्याने प्रयत्न करतो. दर खेपेला एक टक. खरोखर खराब झालेल्या हेडचाही आवाज असाच येतो, म्हणून नुसतं कानाला लावून निदान करता येत नाही.

वायर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

पोर्टेबल डिस्कचं तोंड बघा. बहुतेकांना दोन भागांचं, रुंद, चपटं तोंड असतं. त्यातल्या मोठ्या भागात जुन्या अँड्रॉइड फोनची मायक्रो वायर बरोबर बसते. बसते म्हणून लोक लावतात. ती लावली की डिस्क यूएसबी २.० सारखी वागते. वेग तिपटीहून जास्त घसरतो आणि पोर्टकडून नियमाने मिळणारा हक्काचा प्रवाह ९०० वरून ५०० वर येतो. फोनच्या काही वायरींमध्ये तर डेटाच्या तारा नसतातच, तेव्हा दिवा लागतो पण लॅपटॉपवर काही दिसत नाही.

लांबीचा हिशेब करून दाखवतो, कारण ऐकून कोणी विश्वास ठेवत नाही. स्वस्त वायरमध्ये विजेची तार २८ गेजची असते. तिचा विरोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून दीड मीटरच्या वायरमध्ये तीन मीटर तार मोजायची. विरोध झाला ०.६३ ओहमच्या आसपास. सुरुवातीला एक अँपिअर ओढला की वाटेतच ०.६ व्होल्टपेक्षा जास्त खर्च. पाचातले डिस्कपर्यंत पोचले जेमतेम ४.४. अर्ध्या मीटरची वायर असती तर ०.२ व्होल्टच गेले असते. तार २४ गेजची असेल तर ही गळती आणखी निम्म्याहून कमी होते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे उलटं गणित ध्यानात ठेवा.

बऱ्याच वायरींच्या अंगावर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात. एक डेटाच्या जोडीचा आणि एक विजेच्या तारांचा. विजेच्या आकड्यापुढे इंग्रजी ‘२सी’ असं असतं. तिथे २४ किंवा त्याहून लहान आकडा दिसला तर वायर कामाची. काहीच छापलेलं नसेल तर आखूड घ्या. डिस्कसोबत आलेली मूळ वायर डिस्कलाच रबरबँडने बांधून ठेवा, हा आमच्या घरातला कायदा आहे आणि तो मोडला की बोलणी बसतात.

वाय आकाराची, दोन तोंडांची वायरसुद्धा बाजारात मिळते. एक तोंड डेटासाठी आणि दुसरं फक्त जास्तीची वीज ओढायला. यूएसबीच्या नियमात ती बसत नाही, पण जुन्या लॅपटॉपवर कामाला येते. दोन्ही तोंडं एकाच लॅपटॉपच्या शेजारच्या पोर्टमध्ये लावावीत. एक लॅपटॉपला आणि एक भलत्याच चार्जरला, असं करू नये.

डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी एकच सांगणं. सीपीयूच्या पुढचे पोर्ट आतल्या पातळ वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात, मागचे थेट बोर्डावर असतात. डिस्क मागे लावा. वाकावं लागतं, पण काम होतं.

मोठी डिस्क आणि तिचा अॅडॉप्टर

टेबलावर ठेवायची साडेतीन इंची डिस्क ही वेगळी जात आहे. तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीचा साधा पोर्ट ५ च देतो. म्हणून तिच्यासोबत वेगळा अॅडॉप्टर येतो आणि तो लावल्याशिवाय ती कुठल्याच लॅपटॉपवर चालणार नाही. वायर बदला, पोर्ट बदला, काही उपयोग नाही.

इथे एक धोका आहे आणि तो खरा धोका आहे. या डिस्कचं गोल पिनचं तोंड आणि अनेक लॅपटॉप चार्जरचं तोंड दिसायला आणि बसायलाही सारखं असतं. लॅपटॉपचा चार्जर १९ व्होल्टचा. टेबलाखाली काळ्या वायरींचं जाळं, लाइट नुकतीच आलेली, घाईत चुकीची पिन बसते आणि डिस्कचा बोर्ड जळतो. वास येतो, बाकी काही कळत नाही. आजच दोन्ही अॅडॉप्टरवर चिकटपट्टी लावून ‘डिस्क १२’ आणि ‘लॅपटॉप १९’ असं लिहून टाका.

असा बोर्ड जळला तरी तबकडीवरचा डेटा बऱ्याचदा शाबूत असतो. पण दुसऱ्या तशाच डिस्कचा बोर्ड काढून बसवला की झालं, हा समज चुकीचा आहे. आजकालच्या डिस्कमध्ये त्या त्या डिस्कपुरती माहिती बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते. ती हलवल्याशिवाय नवा बोर्ड चालत नाही. हे जाणकाराचं काम.

वाय-फाय राउटरचा अॅडॉप्टर १२ व्होल्टचा असतो म्हणून काहीजण तो लावून बघतात. व्होल्ट जुळले तरी अँपिअर बघा. राउटरचा अॅडॉप्टर अनेकदा एक अँपिअरचा असतो आणि मोठ्या डिस्कला सुरुवातीला दीड ते दोन लागू शकतात. मग तिथेही तेच टक-टक.

लाइट गेली की काय होतं

आमच्याकडे लाइटची तक्रार ही रोजच्या हवामानासारखी आहे. दौंड शहरात एक तऱ्हा, भीमेकाठच्या वस्त्यांवर दुसरी, शिरूरच्या बाजूला शेतीच्या फीडरवर असलेल्या घरांची तिसरी. वस्तीवर राहणारे वाचक म्हणतात, आमच्याकडे सिंगल फेजला बल्ब मिणमिणतो, म्हणून डिस्क चालत नाही. हे कारण बहुधा नसतं. लॅपटॉपच्या आणि डिस्कच्या अॅडॉप्टरवर छापलेलं वाचा, ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असं असतं. म्हणजे व्होल्टेज बरंच घसरलं तरी तो आपलं काम करतो. लाइट पूर्ण जाणं, तेही एका क्षणासाठी जाणं, हे जास्त वाईट.

लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. त्याच्या पोर्टवरूनच वीज घेणारी छोटी डिस्कही चालू राहते, कारण लॅपटॉपची बॅटरी तिचीही बॅटरी असते. पण अॅडॉप्टरवरची मोठी डिस्क त्याच क्षणी मरते. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कॉपीची पट्टी पुढे सरकत असते आणि लिहून घेणारी डिस्क जागेवर नसते. फाईल अर्धवट राहते, कधी फोल्डरची यादीच बिघडते. महाग, मोठी आणि घरचा अॅडॉप्टर असलेली डिस्क जास्त भरवशाची, असं सगळ्यांना वाटतं. इन्व्हर्टर नसलेल्या घरात आम्ही उलटा सल्ला देऊ, छोटी घ्या. मोठी असेलच तर तिचा अॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या बोर्डावर लावा. इन्व्हर्टरला लाइटवरून बॅटरीवर जाताना क्षणभर लागतो. त्यातल्या स्विचवर यूपीएस मोड असेल तर तो ठेवा, मग हा खंड कमी होतो.

हबचंही तसंच आहे. एका पोर्टचे चार करणारा साधा हब नवी वीज तयार करत नाही, लॅपटॉपच्या एकाच पोर्टची चौघांत वाटणी करतो. यूएसबी २.० च्या नियमात अशा हबच्या प्रत्येक तोंडाला फक्त १०० मिलिअँपिअर धरलेले आहेत. त्यावर माउस चालेल, पेन ड्राइव्ह बहुधा चालेल, हार्ड डिस्क लावू नये. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब चांगला, डिस्कला पोटभर वीज मिळते. पण तोही भिंतीच्या लाइटवरच. लाइट गेली की हब विझतो आणि डिस्क सुटते. ५ व्होल्टवर चालणारा हब असेल तर आधी भरून ठेवलेल्या पॉवर बँकेवर तो चालवता येतो. आम्ही मोठी कॉपी असली की असंच करतो.

हलक्या प्रतीच्या काही हबमध्ये आणखी एक खोट असते, ते लॅपटॉपच्या पोर्टमध्ये उलटी वीज ढकलतात. लॅपटॉप पूर्ण बंद केल्यावरही हबमुळे त्याचा एखादा दिवा मंद जळत असेल तर तो हब लगेच काढून ठेवा.

जाता जाता, दौंड-पुणे रोज ये-जा करणाऱ्यांसाठी. गाडीत मांडीवर लॅपटॉप आणि बाजूला लोंबकळणारी हार्ड डिस्क, हे दृश्य आम्ही पाहिलेलं आहे. फिरती तबकडी आणि गाडीचा धक्का यांचं जमत नाही. गाडीत काम असेल तर फाईल लॅपटॉपवर घ्या आणि डिस्क बॅगेत ठेवा.

लॅपटॉप स्वतःच वीज तोडतो तेव्हा

डिस्क नीट सुरू होते आणि दहा-पंधरा मिनिटांनी गायब होते, अशी तक्रार असेल तर वायरीबरोबर विंडोजकडेही बघा. बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज रिकाम्या बसलेल्या पोर्टला झोपवतं आणि काही डिस्क त्या झोपेतून नीट उठत नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ शोधा आणि बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या, अशा अर्थाची खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर यातलं एखादं पान दिसत नाही, तेव्हा घाबरू नका. मोठी कॉपी चालू असताना लॅपटॉपचं झाकण मिटू नका, हे मात्र सगळ्यांनाच लागू.

आणि ‘सेफली रिमूव्ह’. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून बाहेरून लावलेल्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ व्यवस्था आहे, म्हणून आता काढताना विचारायची गरज नाही असं तरुण मुलं सांगतात. ते फाईल लिहून झाली असेल तर बरोबर आहे. पण तबकडी फिरत असताना वायर ओढली की हेडला अचानक मागे पळावं लागतं, ते टळत नाही. दोन क्लिकचा कंटाळा करू नका.

खरंच बिघडली आहे का, कसं ओळखायचं

आधी वायर बदला, मग पोर्ट, मग लॅपटॉप. चार्जर लावलेला ठेवा, हब काढून टाका. एवढं करून डिस्क उघडली तर फॉरमॅट, रिपेअर, स्कॅन यातलं काहीही करण्याआधी सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर दुसरीकडे उतरवा. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ नावाचा फुकट प्रोग्राम डिस्कची प्रकृती दाखवतो. त्यात ‘पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट’ हा आकडा, अनेक डिस्कमध्ये, अचानक वीज तुटल्यामुळे हेड किती वेळा मागे ओढला गेला ते सांगतो. आज लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. तुम्ही वायर न ओढताही तो वाढत असेल तर वीज कुठेतरी तुटते आहे. ‘रिअलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ सेक्टरचे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर मात्र दोष तबकडीत आहे, वायर बदलून तो जाणार नाही.

तीन चांगल्या वायरी आणि दोन वेगळ्या लॅपटॉपवरही टक-टक थांबत नसेल तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. दर खेपेला हेड तबकडीला घासण्याची भीती असते. डिस्क उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, आपटू नका. कव्हर काढून डिस्क दुसऱ्या कव्हरमध्ये घालण्याआधीही विचारा. अनेक छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट बोर्डावरच असतं, आणि काही मॉडेलमध्ये मूळ बोर्डाशिवाय डेटा वाचताच येत नाही, कारण तो बोर्ड लिहितानाच डेटा कुलूपबंद करतो.

नवी घ्यायची असेल तर पोर्टेबल एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे सुरुवातीचा तो झटका नाही. पण अतिवेगवान एसएसडी जोरात लिहिताना यूएसबी ३.० च्या साडेचार वॅटपेक्षा जास्त ओढू शकते आणि जुन्या पोर्टवर मध्येच सुटते. कागदपत्रं आणि फोटो ठेवायला साधी, मध्यम वेगाची पुरते.

त्या ट्रस्टच्या कागदांच्या आता तीन प्रती आहेत. एक जुन्या डिस्कवर, एक नव्या एसएसडीवर आणि एक चाचांच्या मुलाकडे पुण्यात. जुन्या डिस्कला तिची आखूड वायर बांधलेली आहे आणि वर उर्दू-मराठीत चिठ्ठी आहे, दुसरी वायर लावू नये.